28-3 आणि ‘नुसता रन केला असता तर…’

दर फेब्रुवारीत, सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना) जवळ आला की तोच मजकूर कुणीतरी नव्याने ढकलतो. यंदा तो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अटलांटाजवळच्या अल्फारेटाच्या मावसभावाकडून आला. सारांश असा: 2017 च्या सुपर बोलमध्ये अटलांटा फाल्कन्स न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध 28-3 ने पुढे होते, तरी हरले. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव आखणारा प्रशिक्षक) काइल शानाहानने नुसता रन केला असता तर वेळ आपोआप संपली असती. पण हा माणूस रन करतच नाही. मोसमभर त्याला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) मॅट रायन आणि त्याचे पास झेलणारा ज्युलिओ जोन्स यांनी तारलं, मोठ्या सामन्यात तो उघडा पडला, आणि हे त्याचं नेहमीचंच आहे.

मी काही फाल्कन्सचा भक्त नाही. 6 फेब्रुवारी 2017 च्या सोमवारी पहाटे पाचला उठून ह्यूस्टनचा तो सामना लावला होता, आणि 28-3 झाल्यावर सामना संपला म्हणून टीव्ही बंद करून आंघोळीला गेलो होतो. तेव्हा माझ्या अंदाजाची किंमत मला ठाऊक आहे. तरीही हा मजकूर मुद्द्यामुद्द्याने तपासण्यासारखा आहे. त्यात एक गोष्ट बरोबर आहे आणि तिच्या आडोशाला चार चुकीच्या गोष्टी बिनधास्त फिरतात.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न, म्हणजे चार डाउन मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी कुणीतरी ठरवतं की बॉल हातात घेऊन धावायचं (रन) की फेकायचा (पास), कुठल्या रचनेतून आणि कुणाकडे. हे ठरवणं म्हणजे प्ले-कॉलिंग (एक प्रयत्न म्हणजे एक प्ले). आपल्याकडे कर्णधार क्षेत्ररचना लावतो तसं, फक्त इथे ती दर चेंडूला नव्याने लावायची असते.

आता पहिला मुद्दा, ‘मोसमभर रायन आणि ज्युलिओने तारलं.’

हेच वाक्य मला सर्वांत खटकतं, कारण ते तपासायची सोय इतिहासाने आयती करून ठेवली आहे. 2015 मध्ये शानाहान अटलांटात आला. रायन होता, जोन्स होता. संघाने पहिले पाच सामने जिंकले आणि मोसम 8-8 वर (आठ विजय, आठ पराभव) संपवला. एकूण गुण 339. रायनचे 21 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे), 16 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास). 2016 मध्ये तोच रायन, तोच जोन्स, तोच कोऑर्डिनेटर, आणि गुण 540, लीगमध्ये सर्वाधिक. रायन 4944 यार्ड, 38 टचडाउन, फक्त 7 इंटरसेप्शन, आणि एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू). 2017 मध्ये शानाहान सॅन फ्रान्सिस्कोला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला, त्याच्या जागी स्टीव्ह सार्किसियन आला. खेळाडू बहुतेक तेच. गुण 353, रायनचे 20 टचडाउन आणि 12 इंटरसेप्शन.

339, 540, 353. खेळाडूंनीच तारलं म्हणावं तर तिसऱ्या वर्षी त्यांनी तारायचं का सोडलं?

इथे मी स्वतःच्याच बाजूला थोडं कात्रीत पकडतो. 540 मध्ये बचावाने थेट मिळवलेले काही गुणही आहेत. 2016 मध्ये सेंटरच्या (क्वार्टरबॅककडे बॉल देणाऱ्याच्या) जागी ॲलेक्स मॅक आला आणि सगळी ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी फळी) बदलल्यासारखी वाटली. ते श्रेय प्ले-कॉलिंगचं नाही. शिवाय असा मोसम कुणाच्याही हाताखाली लागोपाठ दोनदा येत नाही, थोडी घसरण ठरलेलीच होती. आणि 2015 चे 339 सुद्धा शानाहानचेच, हे विसरून चालणार नाही. पण हे सगळं वजा करूनही जी दरी उरते ती दोन माणसांच्या नावावर खपत नाही.

जोन्सचंच बघा. त्या वर्षी कॅरोलायनाविरुद्ध एकाच सामन्यात त्याने 300 यार्ड घेतले, ते सगळ्यांना आठवतं. तो दोन सामने खेळलाच नाही, ते कुणाला आठवत नाही. लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध फाल्कन्स 42-14 ने जिंकले, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्ध 41-13 ने. हे दोन्ही संघ त्या वर्षी रडतखडत होते हे मान्य, पण ‘ज्युलिओशिवाय काही नाही’ म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांचं काय करायचं ते सांगावं. त्या मोसमात रायनने 13 वेगवेगळ्या खेळाडूंना टचडाउन पास दिले, आणि तो लीगचा विक्रम होता. बॉल तेरा जणांपर्यंत पोचतो, त्यातले अर्धेअधिक जण मोकळे उभे असतात, हे क्वार्टरबॅकच्या हाताइतकंच आखणाऱ्याच्या डोक्याचंही काम आहे.

आखणी काय होती, तर दिसायला अगदी साधी. लाइनमधले पाचही जण एकाच दिशेला सरकतात, रनिंग बॅक त्यांच्यामागून बाहेरच्या बाजूला धावतो आणि फट दिसली की आत वळतो. बचावाला त्याच्याबरोबर आडवं धावावंच लागतं. मग पुढच्या वेळी हुबेहूब तशीच सुरुवात होते, पण रायन बॉल देण्याचं नुसतं नाटक करतो, आणि आडवे धावलेल्यांच्या पाठीमागे जी मोकळी जागा पडते तिथे पास टाकतो. हाच प्ले-ॲक्शन. रन आणि पास एकाच तोंडवळ्याचे, म्हणून बचाव अर्धा सेकंद अडखळतो, आणि या खेळात अर्धा सेकंद म्हणजे पंधरा यार्ड.

यातूनच दुसरा मुद्दा निकालात निघतो: ‘हा माणूस रन करतच नाही.’ 2016 च्या मोसमात फाल्कन्सचे 421 रन आणि 537 पास. रायन 37 वेळा सॅक झाला (पास फेकण्याआधीच पाडला गेला), ते मूळचे पासच, तेही त्यात धरा. दर शंभर प्लेजमध्ये साधारण 42 रन पडतात. याला रनद्वेष म्हणायचं? रनिंग बॅक डेव्होन्टा फ्रीमनने हजारावर यार्ड काढले, टेव्हिन कोलमनने पाचशेच्या वर. पुढची गोष्ट तर आणखी मजेशीर. जानेवारी 2020 मध्ये याच शानाहानच्या फोर्टीनाइनर्सनी एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एका गटाच्या) अंतिम सामन्यात ग्रीन बे पॅकर्सना 37-20 ने हरवलं, तेव्हा त्यांच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या सामन्यात आठ पास फेकले. आठ! रन 42. एकट्या रहीम मोस्टर्टने 220 यार्ड आणि चार टचडाउन काढले. रन न करणाऱ्या माणसाचा सामना असा असतो का?

‘नुसता रन केला असता तर वेळ संपली असती’ हा तिसरा मुद्दा. इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळ्या गोष्टीचा जीव यात आहे.

सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी 93 प्लेज खेळले, फाल्कन्सनी 46. म्हणजे बॉलच मुळात अटलांटाकडे फारसा नव्हता. 28-3 झाल्यानंतर, नियमित वेळेच्या अखेरचे काही सेकंद सोडले तर, पेट्रियट्सनी बॉल हातात आलेल्या पाचही वेळा गुण केले: टचडाउन, फील्ड गोल (किक मारून मिळणारे तीन गुण), टचडाउन, टचडाउन, आणि जादा वेळेत पुन्हा टचडाउन. सलग 31 गुण, सामना 34-28. पाचपैकी पाच वेळा ज्या बचावाला कुणाला थांबवता आलं नाही, त्याचं नाव त्या मजकुरात एकदाही नाही. तो थकलेला होता, हे खरं. थकायला ऑफेन्सच्या झटपट संपलेल्या पाळ्याही कारणीभूत होत्या, हेही खरं. पण पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने 466 यार्ड फेकले ते शानाहानच्या कागदावरून नव्हे.

‘पण रन तर चालत होता’ असं यावर उत्तर येतं. बरोबर आहे, त्या दिवशी फाल्कन्सनी 18 रनमध्ये 104 यार्ड काढले. पावणेसहाची सरासरी म्हणजे चांगलीच. मात्र त्या दिवशी रायनचेही 23 पैकी 17 पास पूर्ण झाले आणि 284 यार्ड मिळाले. दोन्ही चालत होतं. चालत नव्हतं ते लाइनचं संरक्षण: पाच सॅक.

चौथ्या क्वार्टरची साडेआठ मिनिटं उरली होती, स्कोअर 28-12, तिसरा डाउन आणि एक यार्ड हवा. पास बोलावला गेला, फ्रीमनचा ब्लॉक चुकला, पेट्रियट्सच्या डोंटा हाइटॉवरने रायनच्या हातातून बॉल उडवला. एका यार्डासाठी रन बहुतेकदा पासपेक्षा जास्त वेळा लागू पडतो, म्हणून टीका अगदीच निराधार नाही. पण कोलमन नुकताच दुखावून बाहेर गेला होता, आणि माझ्या मते इथे चूक ‘रन की पास’ यात नव्हतीच. चूक कुठल्या पासची होती, ही आहे. एक यार्ड हवा असताना क्वार्टरबॅकला मागे नेऊन वाट पाहायला लावणारा प्ले कशाला? दोन पावलं मागे घेऊन झटकन टाकायचा पास असता तर हाइटॉवर पोचेपर्यंत बॉल गेला असता.

आणि आता ती एक गोष्ट, जिच्यावर मजकूर लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देतो.

28-20. फ्रीमनला 39 यार्डांचा पास, मग जोन्सने बाजूच्या रेषेवर पायाची बोटं टेकवत घेतलेला 27 यार्डांचा तो अशक्य झेल. बॉल पेट्रियट्सच्या 22 यार्डांवर, पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ बाकी. इथून फील्ड गोल म्हणजे साधारण 40 यार्डांची किक. फाल्कन्सचा किकर मॅट ब्रायंटने त्या मोसमात 37 पैकी 34 किक मारल्या होत्या. ती बसली की 31-20, अकरा गुणांचं अंतर, पेट्रियट्सना दोनदा गुण करावेच लागले असते. पहिल्या डाउनला रन झाला, एक यार्ड मागे. दुसऱ्या डाउनला पास, आणि पेट्रियट्सच्या ट्रे फ्लॉवर्सने रायनला 12 यार्ड मागे पाडलं. मग होल्डिंगचा (प्रतिस्पर्ध्याला बेकायदा धरून ठेवल्याचा) दंड, आणखी दहा यार्ड मागे. किकच्या टप्प्यातून बॉल कुठच्या कुठे गेला, पंट करावा लागला (बॉल लाथ मारून प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागला). एकेरी धाव पुरेशी असताना पुढे सरसावून यष्टिचीत होणारा फलंदाज आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. हा तोच प्रकार. दुसऱ्या डाउनच्या त्या पासचं समर्थन मी करणार नाही. दंडाचं पाप मात्र शानाहानच्या माथी मारू नका.

प्ले-कॉलवर इतकी चर्चा होते, पण त्याच क्वार्टरमध्ये रायन प्ले-क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायला मिळणाऱ्या वेळेच्या घड्याळावर) बरेच सेकंद शिल्लक असतानाच स्नॅप घेत होता (प्ले सुरू करत होता), याबद्दल फार कमी बोललं जातं. वेळ काढायची तर आधी तिथे काढायची. रन असो वा पास, प्रत्येक स्नॅपआधीचे ते सेकंद फुकट मिळणारे होते. यात कोऑर्डिनेटर, क्वार्टरबॅक आणि मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन, तिघांचाही वाटा आहे.

एक प्ले चुकला म्हणून मोसम चुकला, असं म्हणायचं का? फाल्कन्सनी नियमित मोसमात हजारभर प्लेज खेळले. त्यात आठवणीत राहणारा दुसरा एक प्ले मी सांगतो. 23 ऑक्टोबर 2016, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध. एकदा 27-10 ने पुढे असलेले फाल्कन्स जादा वेळेपर्यंत खेचले गेले होते. चौथा डाउन, एक यार्ड, बॉल स्वतःच्याच बाजूच्या 45 यार्डांवर. फ्रीमनला रन दिला. डेन्झेल पेरीमनने तो मागेच अडवला, चार्जर्सनी किक मारली आणि सामना 33-30 असा गेला. मोठी आघाडी वाया गेली, निर्णायक क्षणी रन केला आणि हरले. यावरून ‘रन करू नये’ असा मजकूर दरवर्षी फिरत नाही.

‘हे त्याचं नेहमीचंच’ यावर फार वेळ घालवत नाही. फेब्रुवारी 2020 च्या सुपर बोलमध्ये फोर्टीनाइनर्स कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध 20-10 ने पुढे असताना 31-20 असे हरले, त्यात शेवटच्या सात मिनिटांत 21 गुण दिले ते बचावाने. तिसऱ्या डाउनला 15 यार्ड हवे असताना चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला 44 यार्डांचा पास टाकू दिला. 2024 च्या सुपर बोलमध्ये पुन्हा चीफ्सकडूनच जादा वेळेत 25-22 ने हार. तेव्हा टीका झाली ती नाणेफेक जिंकून बॉल आधी घेतला म्हणून. तीन पराभव, तीन वेगळ्या तक्रारी, त्यांचा एकच ‘स्वभाव’ कसा काय निघतो?

मावसभावाला मी एवढंच लिहिलं की 13 जानेवारी 2018 चा सामना पुन्हा बघ. फिलाडेल्फिया ईगल्स 15, फाल्कन्स 10, वेळ संपत आलेली, चौथा डाउन, गोल दोन यार्डांवर. रायन तोच, जोन्स तोच, कोऑर्डिनेटर सार्किसियन. रायन उजवीकडे धावत गेला, म्हणजे अर्धं मैदान आपणहून सोडून दिलं, कोपऱ्यात जोन्स घसरून पडला, उठला, बॉल हातांना लागून निसटला. मावसभावाचं उत्तर अजून आलेलं नाही, फक्त दोन निळ्या टिका दिसतात.