सावड फुकट नव्हती

दरवर्षी मृगाचा पाऊस पडला की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. सोबत चिखलात ओळीने वाकलेल्या बायकांचा फोटो असतो. मजकुराचा आशय असा: पूर्वी गावात कुणी मजुरी मागत नसे, सगळे एकमेकांच्या शेतात फुकट राबत. त्या कामात जातपात, गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. पुढे माणसं पैशाला हपापली, रोजगार हमीने आळशी झाली आणि सावड, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याची रीत, मेली. यंदा हा मजकूर मला नात्यातल्याच तिघांनी पाठवला. तिघांचंही बालपण गावात गेलेलं आहे, म्हणून नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी 'फुकट' या शब्दाचं बघू. माझं आजोळ आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं, भाताचं. आषाढात आजीच्या घरी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा उमटायच्या. डावीकडे, आपलं माणूस ज्यांच्याकडे गेलं त्यांच्या. उजवीकडे, जे आपल्याकडे आले त्यांच्या. आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक घराला तिने एक खूण दिली होती. कुणाला आंब्याचं पान, कुणाला विळा. एक माणूस एक दिवस आला की एक रेघ. कुणी चिखलणीला बैलजोडी घेऊन आलं तर दोन. लावणी उरकली की रेघा जुळवायच्या, एखादी उरलीच तर ती कापणीला फेडायची. एका वर्षी मामी तापाने पडली आणि एका घरचे आमचे दोन दिवस फिटायचे राहिले. आजी तेव्हा साठी उलटलेली. भर पावसात इरलं डोक्यावर घेऊन ती स्वतः निघाली. त्या घराने काही बोलावणं धाडलं नव्हतं, पण भिंतीवर रेघा दिसत होत्या.

आपली भाषाही हेच सांगते. कोल्हापूर-साताऱ्याकडे याला पैरा म्हणतात आणि पैरा 'फेडतात'. कर्ज फेडतात, नवस फेडतात, तसाच पैरा. बैलांची अदलाबदल असेल तर काही भागांत वारंगुळा म्हणतात. एकाकडे एकच बैल, दुसऱ्याकडे एक. जोडी जमवायची आणि दोघांची रानं आळीपाळीने नांगरायची. इर्जिक मात्र वेगळी. कुणाचं काम अडलं, घरात दुखणं आलं, तर एका दिवसासाठी सगळ्यांना हाक मारायची आणि राबायला आलेल्यांना पोटभर जेवण घालायचं. तिथे दिवसाला दिवस मोजत नसत. फिरणाऱ्या मजकुरात इर्जिकीचं हे रूप सावडीला चिकटवलेलं आहे.

धुळ्याकडे पांझरेच्या काठी शेकडो वर्षं चाललेली फड पद्धत घ्या. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडाफडाला, म्हणजे शेतांच्या एकेका गटाला, जायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाट साफ करायला घरटी माणूस द्यायचा. पण पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांना गाव धान्याच्या रूपाने मेहनताना देई. इतकी जुनी, इतकी सामुदायिक व्यवस्था, आणि तिथेही कुणाला फुकट राबवलेलं नाही.

हिशेब होता म्हणून थोड्या जमिनीचं घरही सावडीत मान वर करून यायचं. त्याला कुणाचे उपकार घ्यावे लागत नव्हते. त्याच बायकांचे कष्ट आज 'फुकट' म्हणून गौरवले जातात तेव्हा त्यांनी मोजलेली एकेक रेघ पुसली जाते, आणि ते मला सहन होत नाही.

आता भेद नव्हता या दाव्याकडे येतो. सावडीत परतफेड श्रमाने व्हायची. म्हणजे ज्याला स्वतःचं रान होतं, त्याच्याकडेच श्रम परत जाऊ शकत होते. भूमिहीन घराच्या कुठल्या शेतात जाऊन तुम्ही दिवस फेडणार? त्या घराला उरायची मालकाने ठरवलेली मजुरी, नाहीतर वेठ. गावाचं काम या नावाखाली महार वतनदारांना रात्री-अपरात्री राबावं लागे आणि त्याचा मोबदला म्हणजे वतनाची तुटपुंजी जमीन आणि घरोघर मागावं लागणारं धान्याचं बलुतं. ही गुलामी आहे असं सांगत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला त्यानंतर तीस वर्षं लागली, तो १९५८ चा. त्या तीस वर्षांतही गावोगाव सावड सुखाने चालूच होती. 'भेद नव्हता' असं लिहिताना हे लोक हिशेबात येत नाहीत.

आजीच्या भिंतीवर गावाबाहेरच्या वस्तीतल्या एकाही घराची खूण नव्हती. लहानपणी मी त्या खुणा रोज बघत होतो, तरी हे लक्षात यायला मला चाळिशी गाठावी लागली. आजीवर माझं प्रेम आहे आणि तरीही हे लिहिणं भाग आहे.

तिसरा दावा, माणसं पैशाला हपापली म्हणून सावड मोडली. सावड कशावर चालते ते बघा. भाताचं रोप साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की लावावं लागतं, उशीर झाला की उतारा घटतो. एका घराच्या हातांनी ते वेळेत होत नाही. पण सगळ्यांची खाचरं एकाच दिवशी तयार नसतात. वरच्या खाचरात आज पाणी धरलं, खालच्यात चार दिवसांनी चिखल होणार. या मागेपुढे होण्यावरच अख्खी सावड उभी आहे. आता विदर्भ-मराठवाड्यातलं सोयाबीन घ्या. सगळ्या गावाचं एकदमच वाळतं, आणि कापायला आठवडा लागला तर शेंगा तडकून दाणे रानात सांडतात. त्या आठ दिवसांत प्रत्येकाला सगळे हात आपल्याच शेतात हवे असतात. मग उक्तं देण्यावाचून इलाज काय? एकरी भाव ठरतो, टोळी येते, कापून जाते. सोयाबीनवाला शेतकरी भातवाल्यापेक्षा स्वार्थी आहे असं म्हणायला काहीच आधार नाही.

बैलांचंही तेच. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांदरम्यान देशातल्या गोवंशातल्या नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. बैलच नाहीत तर वारंगुळा कुणाशी करायचा? आणि राज्यात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होतं, ते २०१५-१६ ला १.३४ वर आलं. एवढ्याशा तुकड्यावर वर्ष निघत नाही, म्हणून घरातला तरुण कारखान्यात जातो, आणि लावणीला लागणारा एक माणूस कमी होतो. त्याला हपापलेला म्हणू नका.

रोजगार हमीने आळशी केलं, हे तर मला सर्वांत जास्त लागलं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या माणसांनी खडी फोडून पोट भरलं, त्या अनुभवातून पुढे १९७७ चा हमी कायदा झाला. ते काम आळशाला झेपणारं नव्हतं. आमच्या भागात तर या योजनेने सामुदायिक कामाला हात दिला. भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी घरं पडकई करतात. पाच-दहा घरांनी एकत्र यायचं, उन्हाळ्यात उताराची जमीन फोडायची, दगडांची ताल, म्हणजे बांध, रचायची, माती सपाट करून भाताचं खाचर घडवायचं. आज एकाच्या उतारावर, उद्या दुसऱ्याच्या. उन्हाळ्यात घरातलं धान्य संपलेलं असतं, तेव्हा गरीब घराला महिनाभर बिनमजुरीचं काम परवडत नाही. म्हणून या कामाला रोजगार हमीतून सरकारी मजुरी मिळावी यासाठी तिथल्या शाश्वत संस्थेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पुढे राज्य सरकारने पडकईसाठी योजनाही आखली. मजुरी मिळू लागली आणि एकत्र येणं टिकलं. फिरणाऱ्या मजकुरात बरोबर याच्या उलट सांगितलं आहे.

सावड मेली, हेही पूर्ण खरं नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपला, म्हणजे श्रमदानाने पाणी अडवण्याच्या गावागावांतल्या स्पर्धेला, २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून सुरुवात झाली. तिथे कुदळ-फावडं घेऊन उतरलेली गावं सगळ्यांनी टीव्हीवर बघितली. मला त्याचा आनंदच आहे. तिथेही मात्र आजीच्या भिंतीचा प्रश्न उभा राहतो: भूमिहीन बाईने चर खणला आणि पाणी शेतमालकाच्या विहिरीला वाढलं, तर तिचा दिवस कोण फेडणार?

आजोळी आता सहा घरांची सावड उरली आहे. भिंतीला रंग लागला, रेघा मामीच्या वहीत गेल्या. यंदा लावणीला वस्तीतली एक जण त्यांच्याबरोबर होती. तिला जमीन नाही. ती जितके दिवस आली, तितक्या दिवसांची चालू दराने रोख मजुरी सहाही घरांनी लावणी संपली त्याच संध्याकाळी दिली. वहीत सातवं नाव तिचं आहे, आणि त्यापुढे मामीने लिहिलंय, 'फिटलं'.