चीक पिळून टाकायला सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

धाकटी बहीण गेल्या आठवड्यात बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे तिचा रडवेला फोन: "ताई, मी चीक पाजला गं. बाळाला काही होणार नाही ना?" आत्याने घरच्या ग्रुपवर पाठवलेला 'आजीच्या पाच सूचना' हा मेसेज तिने वाचला होता. चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं दूध, पिळून टाका, तीन दिवस मधाचं पाणी द्या, उन्हाळ्यात साधं पाणी पाजा, आईला ताप आला तर पाजणं बंद, दूध वाढायला डिंक-आळीव.

चीक पिवळा, घट्ट, म्हणून म्हणे बाळाला 'जड'. अहो, गाय व्यायली की खरवसाआधी वासराचा वाटा असतो! पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर पुरतं, आणि चीकही तेवढाच येतो. त्यातल्या अँटिबॉडी बाळाला जंतूंपासून जपतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जन्मल्यावर तासाभरात पाजा आणि सहा महिने फक्त आईचं दूध द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ४१.८ टक्केच बाळांना तासाभरात दूध मिळालं होतं. असे मेसेज फिरल्यावर आणखी काय होणार?

मधाचं वाचून तर माझे हातपाय गार पडले. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही. त्यात बोट्युलिझम या आजाराच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, ओढेनासं होतं, श्वासही अडकू शकतो. मध घरचा असो की रानातला, पाण्यात उकळून दिला तरी बीजाणू मरत नाहीत. शिवाय पाण्याने पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूधही कमी होतं.

वरच्या पाण्याची गरज नाही, आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. साध्या तापात पाजत राहायचं, औषध मात्र डॉक्टरांना विचारून.

डिंक-आळीव? बरं, खा. बाळंतिणीला पोटभर सकस खायला हवंच. पण पान्हा टिकतो तो बाळाने वारंवार, रात्रीसुद्धा ओढल्याने.

बहिणीला खरा त्रास होता तो पाजताना दुखण्याचा. बाळ नुसतं बोंड धरत होतं. परिचारिकेने बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबली आणि भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं धरलं. हनुवटी छातीला टेकली, आणि घटाघट गिळण्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. काल, सहाव्या दिवशी, सात लंगोट ओले झाले.