मला इंटरव्हललाच कळलं होतं

थरारपट बघायला माझी ना नाही. बघून झाल्यावर चार नातेवाइकांबरोबर एकाच गाडीतून घरी यायचं असतं, तिथे माझं धैर्य संपतं. त्यातून सिनेमा चोरी-दरोड्याचा असेल आणि शेवटच्या वीस मिनिटांत पाच वेळा 'आत्तापर्यंत पाहिलंत ते खरं नव्हतंच' असं निघत असेल, तर गाडीपर्यंत पोचावंही लागत नाही. थिएटरच्या जिन्यावरच भाऊजी खिशात हात घालून, कुणाकडेही न बघता म्हणतात, "मला इंटरव्हललाच कळलं होतं."

काय कळलं होतं, हे विचारायचं नसतं. या वेळी मी विचारलं.

"तो इन्स्पेक्टर," भाऊजी म्हणाले.

"त्याचं काय?"

"गडबड आहे त्याच्यात, हे."

आता चोरीच्या सिनेमात इन्स्पेक्टरमध्ये गडबड असते, तिजोरी बनवणाऱ्या म्हाताऱ्यात असते, नायकाच्या मेलेल्या भावात तर असतेच असते. इंटरव्हलपर्यंत भाऊजींनी पडद्यावरच्या प्रत्येक माणसाकडे बोट दाखवून 'हा बघ हं' म्हटलेलं होतं, दरवान आणि लिफ्टमन धरून. शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांवर पैसे लावले की एखादा जिंकतोच. फक्त मग बाकीच्या घोड्यांबद्दल बोलायचं नाही.

हे 'हा बघ हं' कुजबुजत्या आवाजात चालतं, म्हणजे पुढच्या तीन रांगांनाच ऐकू जातं. चोरीपटांचे शौकीन दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन यांच्या १९५५ सालच्या 'रिफिफी' या फ्रेंच सिनेमाचं नाव कानाला हात लावून घेतात. त्यातला जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा जवळजवळ अर्धा तास चालतो आणि तेवढ्या वेळात एक संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. चोर वरच्या मजल्याची जमीन फोडतात, आणि पडणाऱ्या ढेकळांचा आवाज होऊ नये म्हणून भोकातून एक छत्री खाली सोडून उघडतात. ढेकळं छत्रीत गोळा होतात. एवढंच, पण बघताना श्वास घ्यायचं विसरायला होतं. भाऊजींच्या शेजारी बसून तो प्रसंग बघायची वेळ माझ्यावर आलेली नाही. छत्री मिटलेली असतानाच ते म्हणाले असते, "छत्री बघ हं."

आम्ही पाहिलेल्या सिनेमात छत्री नव्हती, बॅग होती. (सिनेमाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी मला त्याचा आणखी एक अर्थ समजावून सांगेल.) पाच जणांची टोळी. एक म्होरक्या, एक कुलपं उघडणारा, एक लॅपटॉपवाला, एक गाडी चालवणारा, आणि एक बाई, जिचं टोळीत नेमकं काम काय ते शेवटपर्यंत कळत नाही. अनुभवी प्रेक्षक अशा बाईवरच नजर ठेवतो. संग्रहालयातला हिरा उडवायचा. म्होरक्या टेबलावर नकाशा पसरतो, "ऐका, बेत असा आहे," म्हणतो, आणि तेवढ्यात दृश्य बदलतं.

"म्हणजे बेत यशस्वी होणार," माझा भाचा पुष्कर अंधारातून म्हणाला.

याबाबतीत मात्र पोरगा बरोबर होता. या सिनेमांचा तो जुना कायदाच आहे. बेत आधी सविस्तर सांगितला तर तो हमखास फसतो, कारण ठरल्यासारखंच घडलं तर तीच गोष्ट आपल्याला दोनदा बघावी लागेल. बेत आपल्यापासून लपवला, तर मधे कितीही गोळीबार होवो, पकडापकडी होवो, ते सगळं बेतातच धरलेलं असतं. फक्त हा कायदा शेजारी बसलेल्या मामाला दरोडा सुरू व्हायच्या आधी सांगायचा असतो का, हा प्रश्न आहे.

मी तो प्रश्न घरी येताना विचारला, तर पुष्करने माझ्यासमोर संशोधनच ठेवलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना गोष्टी एकंदरीत जास्त आवडल्या. "म्हणजे मामा, मी तुझा आनंद वाढवत होतो." याला काय उत्तर देणार? लघुकथा वाचणाऱ्यांच्या कानात कुणी सलग सव्वादोन तास बोलत नव्हतं, एवढं मी म्हणून पाहिलं.

पूर्वीच्या दिग्दर्शकांना प्रेक्षकाची ही जात ठाऊक होती. १९५५ सालच्याच 'ले दियाबोलिक' या फ्रेंच सिनेमाच्या शेवटी पाटी येते, की कृपा करून मित्रांना शेवट सांगू नका. १९६० साली 'सायको'च्या वेळी हिचकॉक यांनी सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा दंडक घातला. दोन्ही उपाय थोर, पण आत येणाऱ्याला अडवून काय होणार? खरा बंदोबस्त बाहेर पडणाऱ्यांसाठी हवा. दाराशी दोन दणकट माणसं उभी करावीत आणि 'मला आधीच' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले की गुन्हेगाराला पुढच्या खेळाला पुन्हा आत बसवावं.

असो. बॅगेकडे येतो, कारण आमची गाडी सिग्नलला तिथेच अडकली होती.

कुलपं उघडणारा लिफ्टमध्ये शिरतो तेव्हा बॅग त्याच्या डाव्या खांद्यावर असते. दार बंद होतं, उघडतं, आणि बॅग उजव्या खांद्यावर. ताईने हे हेरलं. तिने हळूच, "अगं बाई, यांची चूकच झाली की," म्हटलं. एरवी गोष्ट तिथेच मिटली असती. साध्या कौटुंबिक सिनेमात नायिकेची टिकली एका शॉटमध्ये लाल आणि पुढच्यात हिरवी दिसली, तर आपण हसून सोडून देतो. ट्विस्टवाल्या सिनेमात चूक असूच शकत नाही. तिथे तिला 'हिंट' म्हणतात. पुष्कर मागच्या सीटवर ताठ बसला. खांदा बदलला, म्हणजे बॅग बदलली. बॅग बदलली, म्हणजे लिफ्टमध्ये आणखी कुणीतरी होतं. कोण? ती बाई!

"ती तेव्हा छतावर होती," माझी बायको म्हणाली.

"तसं दाखवलं."

या 'तसं दाखवलं'पुढे कुणाचं काही चालत नाही. एकदा ते चलन सुरू झालं, की तिजोरी तरी खरी होती का? (नव्हती. गोदामात उभारलेली नक्कल होती.) मेलेला भाऊ मेला होता का? (नाही.) हिरा? (काच.) मग संग्रहालयाच्या मालकानेच विम्यासाठी चोरांना नेमलं होतं, हे तरी खरं कशावरून? ते सांगितलं कुणी? इन्स्पेक्टरने. आणि इन्स्पेक्टर कुणाचा माणूस? इथे भाऊजींनी समोरच्या काचेत बघत नुसती मान हलवली. इंटरव्हललाच.

मला स्वतःला तो सिनेमा आवडला नाही, हे मी दबकत सांगितलं. हिचकॉक यांनी त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला आहे. प्रेक्षकाला बॉम्बचा पत्ताच नसेल, तर तो फुटल्यावर पंधरा सेकंद दचकणं. पत्ता असेल आणि टेबलापाशी बसलेली माणसं मात्र इकडच्या तिकडच्या गप्पा मारत असतील, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. आमच्या सिनेमात बॉम्ब होता, हे तो फुटून गेल्यावर दहा मिनिटांनी निळसर रंगाच्या फ्लॅशबॅकमध्ये कळलं, आणि मग टेबलच खोटं निघालं. पाचव्या वेळी 'थांबा, खरं तर' झालं तेव्हा मी दचकलो नाही, घड्याळ बघितलं. काळजी करायला एक तरी माणूस खरा लागतो हो.

"तुला कळला नाही," भाऊजी मायेने म्हणाले. हे ठरलेलंच. ट्विस्टवाला सिनेमा नावडला, अशी सोयच नसते. तो एकतर आवडतो किंवा कळत नाही. ज्यांना आवडतो त्यांनाही तो कळलेला असतोच असं नाही, पण त्यांना तसं कुणी विचारत नाही. माझ्या बायकोने विचारलं. "भाऊजी, शेवटी हिरा कुणाकडे राहिला?"

भाऊजी म्हणाले, बाईकडे. ताई म्हणाली, भावाकडे. पुष्कर म्हणाला, हिरा नव्हताच, हिरा म्हणजे विश्वास. (हा पोरगा हल्ली असं बोलतो.) तिन्ही उत्तरं एकाच वेळी, तितक्याच ठामपणे आली आणि पुढचे दोन सिग्नल त्यात गेले. शेवटी भाऊजींनी "ते दिग्दर्शकाने मुद्दाम उघडं ठेवलंय" असा निकाल दिला. या एका वाक्याने आजवर किती पटकथाकारांची अब्रू वाचली असेल!

आई खिडकीशी बसली होती. अख्ख्या सिनेमात तिने एकदाच तोंड उघडलं होतं, चोर सहा महिने रंगीत तालीम करताना दाखवले तेव्हा. "एवढी अक्कल, एवढी मेहनत," ती म्हणाली होती, "यापेक्षा कुठे नोकरीला लागले असते तर आतापर्यंत बढती मिळाली असती." तेवढ्यावर तिने सिनेमा मनातून निकालात काढला असावा, असं मला वाटत होतं.

"मला एक सांगा," ती आता म्हणाली, "पहिल्या दरोड्यात त्यांनी राखणीच्या कुत्र्याला गुंगीचं औषध घालून निजवलं ना? तो पुढे उठला का?"

गाडीत कुणी बोलेना. लिफ्टमन लक्षात होता, दरवानाच्या मिशा लक्षात होत्या.

"कुठला कुत्रा?" भाऊजींनी विचारलं.

"मामा, गाडी बाजूला घे," पुष्कर म्हणाला. "आजी, नीट आठव. तो कुठल्या कुशीवर झोपला होता?"