गेस्टापो येणार म्हणाले होते, आलेच नाहीत

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला. वर "डोळे उघडणारं सत्य", खाली "किमान दहा जणांना पाठवा". पाठवणारे आमचे मामा, माणूस एकदम सोन्यासारखा, आणि गंमत म्हणजे 1969 ला सरकारनं ताब्यात घेतलेल्या बँकांपैकी एकीत आयुष्यभर नोकरी करून आता पेन्शन घेतायत, असो. ग्रुपवर वाद नको म्हणून मी नुसता नमस्कार टाकला, पण रात्रभर डोक्यात तेच, म्हणून इथे लिहितोय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: एक, जिथे जिथे समाजवाद आला तिथे हुकूमशाही आलीच, जगात एकही अपवाद नाही. दोन, हिटलरच्या पक्षाच्या नावातही समाजवाद होता. तीन, स्वीडन वगैरेची उदाहरणं देऊ नका, ते समाजवादी नाहीतच. चार, आपल्याकडे 'समाजवादी' हा शब्द घटनेत आला तोच मुळी आणीबाणीत. पाच, माणसाची रोजीरोटी सरकारच्या हातात गेली की त्याचं तोंड बंद होतं, व्हेनेझुएला बघा. आणि शेवटी ती समाजवाद शिकवायला सगळ्या वर्गाला सरासरी मार्क देणाऱ्या प्रोफेसरची गोष्ट, ज्यात मग कोणी अभ्यासच करत नाही आणि सगळे नापास होतात.

प्रोफेसर आधी उरकतो. सगळ्यांना सारखे मार्क द्या असं कुठल्या समाजवादी पक्षाच्या जाहीरनाम्यात असतं मला माहीत नाही, आणि त्या गोष्टीतला प्रोफेसर कोणाला न विचारता नियम बदलतो, पोरं त्याला काढू शकत नाहीत. म्हणजे गोष्टीत हुकूमशहा आहेच, पण तो मार्क वाटायच्या आधीपासून बसलेला आहे.

आता "एकही अपवाद नाही". हे म्हणणं नवीन नाही बरं का. 4 जून 1945 ला ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी रेडिओवर निवडणुकीचं भाषण केलं आणि त्यात सांगितलं की लेबर पक्षाला समाजवाद आणायचा तर कसल्या ना कसल्या गेस्टापोचा, म्हणजे हिटलरच्या होत्या तशा गुप्त पोलिसांचा, आधार घ्यावाच लागेल. लक्षात घ्या, युरोपातलं युद्ध संपून महिनाही झाला नव्हता, आणि ज्या अ‍ॅटलींबद्दल हे बोलले ते लेबरचे नेते काही दिवस आधीपर्यंत त्यांच्याच सरकारात उपपंतप्रधान होते. लोकांनी ऐकलं आणि लेबरला 393 जागा दिल्या.

मग अ‍ॅटलींनी जे बोलले ते केलं. 1946 ला बँक ऑफ इंग्लंड, 1 जानेवारी 1947 ला कोळशाच्या खाणी, वर्षभरानं रेल्वे आणि पाठोपाठ वीज, 5 जुलै 1948 ला सगळ्यांसाठी मोफत दवाखाना, नंतर गॅस, पोलाद. खाणींच्या तोंडाशी पाट्या लागल्या की ही खाण आता जनतेच्या वतीनं कोळसा मंडळ चालवतं. म्हणजे हा काही 'थोडी सबसिडी दिली' टाइप समाजवाद नव्हता, देशाच्या अर्थव्यवस्थेचा साधारण पाचवा हिस्सा सरकारी झाला होता. आणि गेस्टापो? 1951 ला निवडणूक झाली, लेबरला चर्चिलच्या पक्षापेक्षा दोन लाखांहून जास्त मतं पडली, पण जागा कमी आल्या, तर अ‍ॅटली राजीनामा देऊन घरी गेले. जास्त मतं असून! आणि चर्चिल परत पंतप्रधान झाले, त्यांनी पोलाद परत खाजगी करायला घेतलं, खाणी, रेल्वे आणि दवाखाने मात्र तसेच राहू दिले, म्हणजे ज्यातून गेस्टापो निघणार होता ते सगळं त्यांनी स्वतःच चालवलं. हे एक उदाहरण खरं तर "एकही नाही" ला पुरेसं आहे.

पण आपल्याच देशात बघू. 1957 ला केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचं कम्युनिस्ट सरकार मतपेटीतून आलं. ते घालवलं दिल्लीनं, जुलै 1959 मध्ये, राष्ट्रपती राजवट लावून. पुढे 1982 ते 2016 दर निवडणुकीला तिथलं सरकार बदललं, डावे हरले की गेले. बंगालमध्ये 34 वर्षं होते, आणि तिथे गावोगावी पक्षाची दादागिरी होती, नंदीग्रामला 2007 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात 14 लोक मेले, हे मी झाकणार नाही. पण 2011 ला मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य स्वतःच्या जादवपूरमध्ये पडले आणि राजीनामा देऊन आले. चिलीत समाजवादी आयेंदे निवडून आले 1970 ला, तुरुंग भरले 1973 ला, लष्करानं सत्ता बळकावल्यावर, सांतियागोचं नॅशनल स्टेडियमच तुरुंग झालं, फक्त आत समाजवादी होते आणि बाहेर बंदुका घेऊन लष्करशहा पिनोशेचे सैनिक. फॉरवर्डमध्ये हा तुरुंग कुठल्या खात्यात धरलाय?

मग रशिया? रशिया आहेच, नाकारतोय कोण. पण तिथे काय आधी झालं आणि काय नंतर, ते तारखा लावून बघा. क्रांतीनंतर लगेच संविधान सभेची निवडणूक झाली, त्यात क्रांती करणाऱ्या लेनिनच्या बोल्शेविक पक्षाला चौथा हिस्सा मतं मिळाली, सगळ्यात जास्त मतं मिळाली ती दुसऱ्याच एका समाजवादी पक्षाला, शेतकऱ्यांमध्ये जोर असलेल्या समाजवादी क्रांतिकारकांना. डिसेंबर 1917 मध्ये लेनिननं चेका नावाची गुप्त पोलिसांची फौज उभी केली, जानेवारी 1918 मध्ये ती सभा एक दिवस भरली आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. आणि मोठे कारखाने सरसकट ताब्यात घ्यायचा हुकूम निघाला जून 1918 मध्ये! बँका तेवढ्या आधी घेतल्या होत्या. म्हणजे हुकूमशाही आली तेव्हा बहुतेक कारखाने अजून मालकांकडेच होते. त्यातून ज्यांना पहिला फटका बसला त्यात समाजवादीच भरपूर. शेजारच्या जॉर्जियात मेन्शेविक, म्हणजे बोल्शेविकांच्या विरोधातल्या, समाजवाद्यांनी 1918 पासून स्वतंत्र देश चालवला, 1919 ला निवडणूक घेतली, बायकांना मत दिलं, जमिनी वाटल्या, विरोधी पक्ष चालू ठेवले, आणि फेब्रुवारी 1921 मध्ये बोल्शेविकांचं लाल सैन्य आत घुसलं आणि विषय संपला. हा देश कोणाच्याच फॉरवर्डमध्ये नसतो, ना उजव्यांच्या ना डाव्यांच्या.

हिटलरबद्दल एकच. 23 मार्च 1933 ला जर्मन संसदेत त्याला सगळे अधिकार देणारा कायदा आला. विरोधात मतं पडली 94, सगळीच्या सगळी सोशल डेमोक्रॅट पक्षाची. कम्युनिस्ट खासदारांना तर आत येऊच दिलं नव्हतं. बाकी सगळे पक्ष, ज्यांच्या नावात समाजवाद नव्हता ते, हो म्हणाले. नावावरून ठरवायचं तर उत्तर कोरियाच्या नावात लोकशाही आहे, मग?

स्वीडनचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, मामा. तिथल्या मोठ्या कंपन्या खाजगीच राहिल्या, त्यामुळे 'स्वीडन म्हणजे समाजवाद' म्हणणारे डावे मित्रसुद्धा जरा फेकतातच. पण अर्धी गोष्ट राहिली ना. सोशल डेमोक्रॅट 1932 पासून 44 वर्षं, मधले काही महिने सोडले तर, सत्तेत होते आणि 1976 ला हरले आणि गेले. त्याच वर्षी त्यांच्या कामगार संघटनेनं एक योजना मंजूर केली होती, रुडॉल्फ माइडनर नावाच्या अर्थतज्ज्ञाची, की मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्यातला काही भाग शेअरच्या रूपात कामगारांच्या फंडात टाकायचा, म्हणजे काही दशकांत मालकी हळूहळू कामगारांकडे. हा मात्र अस्सल समाजवाद, कारखान्याच्या मालकीलाच हात. मग काय झालं? लोक बिचकले, पक्षही बिचकला, परत सत्तेत आल्यावर योजनेत पाणी घालून घालून 1983 ला कायदा केला, त्याविरुद्ध स्टॉकहोमच्या रस्त्यावर हजारो लोक उतरले, 1991 ला दुसरं सरकार आलं आणि फंडच बंद केले. कोणाला पकडलं नाही. योजना फसली म्हणा, खुशाल म्हणा. पण फसली ती मतांनी, आणि आपला मुद्दा तोच चाललाय.

आता आणीबाणी. बेचाळिसाव्या दुरुस्तीनं 1976 मध्ये 'समाजवादी' शब्द सरनाम्यात आला, बरोबर. पण तेव्हा तुरुंगात कोण होतं ते पण लिहा की. मधु लिमये आत, मधु दंडवते आत, मृणालताई गोरे आत, जॉर्ज फर्नांडिस बेड्या घालून आत. सगळे समाजवादी, तेही आपल्याकडचे, पाणीवाली बाई म्हणून मृणालताईंना गोरेगावात आजही लोक ओळखतात. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली तेव्हा लिमयेंनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला, की लोकांनी मला पाच वर्षांसाठी निवडलंय, सहावं वर्ष माझं नाही. शब्द ज्यांनी घातला ते एक आणि तो जगणारे दुसरे, एवढा तरी फरक करूया.

आणि याच्या पुढचं मला फार आवडतं. जनता सरकारनं 1978 मध्ये चव्वेचाळिसावी दुरुस्ती केली. त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. आणीबाणी लावणं अवघड केलं, जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही असं केलं. आणि त्याच दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून साधा कायदेशीर हक्क केला! फॉरवर्डच्या हिशोबानं मालमत्तेचा हक्क पातळ झाला की स्वातंत्र्य जायला पाहिजे, इथे एकाच कागदावर एक पातळ झाला आणि दुसरं घट्ट झालं. त्याच सरकारात दंडवते रेल्वेमंत्री होते, सेकंड क्लासच्या लाकडी फळीवर त्यांनी दोन इंच फोम बसवायला घेतला. सरकारी रेल्वे, समाजवादी मंत्री, आणि त्याचा परिणाम म्हणजे पाठ दुखायची थांबली.

राहिला पाचवा मुद्दा, आणि हा मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही, कारण यात दम आहे.

व्हेनेझुएला बंदुकीनं गेलेला नाही. समाजवादाचं नाव घेणारे राष्ट्राध्यक्ष चावेझ 1998 ला रीतसर निवडून आले. 2004 ला सुप्रीम कोर्टातले न्यायाधीश 20 चे 32 केले, वाढीव जागी आपली माणसं. 2007 ला विरोधात बोलणाऱ्या मोठ्या टीव्ही चॅनेलचं लायसन्स वाढवलं नाही. 2009 ला कितीही वेळा उभं राहायची सोय करून घेतली. त्यांच्यानंतर मादुरो, 2015 ला संसद विरोधकांनी जिंकली तर तिच्या डोक्यावर 2017 ला दुसरी सभा बसवली. यातली कोर्ट भरणं, चॅनेल आवळणं ही कामं करायला समाजवाद लागत नाही, हंगेरीत ओर्बान यांनी 2010 नंतर साधारण तेच केलं आणि ते डाव्यांचे कट्टर विरोधक. पण एक गोष्ट तिथे खास होती. चावेझना पदावरून काढायला मतदान घ्या म्हणून लाखो लोकांनी अर्जावर सह्या केल्या, आणि ती सह्यांची यादी लुईस तास्कोन नावाच्या त्यांच्याच पक्षाच्या खासदारानं इंटरनेटवर टाकली. नाव टाकलं की कळतं सही केली का नाही. तेल सरकारचं, नोकऱ्या सरकारच्या, कंत्राटं सरकारची, मग त्या यादीचा उपयोग काय झाला असेल ते सांगायला नको. पोलीस पाठवायची गरजच नाही.

हे वाचताना मला आमचे मोठे काका आठवतात. आमच्याकडे ऊस, कारखाना सहकारी, एक सभासद एक मत, कागदावर याच्याइतकं लोकशाही काही नाही. मी कॉलेजात असताना एकदा त्यांच्याबरोबर वार्षिक सभेला गेलो होतो. मंडपात पुढच्या रांगा कामगारांनी आणि चेअरमनच्या पोरांनी सकाळीच भरलेल्या, अहवालाचं वाचन सुरू झालं न झालं तोच "मंजूर, मंजूर". काका उठले, तोटा कशामुळे झाला एवढंच विचारत होते, माईक बंद. त्या हंगामात आमच्या उसाला तोडच येईना, म्हणजे ऊस तोडायला कारखान्याची टोळीच येईना. चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद ठेवणारा कारखान्याचा माणूस, म्हणायचा नोंद आहे पण टोळी नाही, टोळीचा मुकादम म्हणायचा ऑफिसातून स्लिप नाही, शेजारच्या फडातला नंतर लावलेला ऊस गेला आणि आमचा तुरे आलेला उभा. मार्चमध्ये तोडला तेव्हा वजन कुठल्या कुठे उतरलेलं. काकांना कोणी धमकी दिली नाही, कोणी हात लावला नाही. पुढच्या सभेला ते गेले नाहीत, बस.

तर मामा, तुमचा पाचवा मुद्दा मी माझ्या घरात बघितलाय. ऊस पण तेच विकत घेणार, निवडणूक पण तेच घेणार, पोरांना नोकरी पण तेच देणार, तर माणूस गप्प बसतो. म्हणून ब्रिटनमध्ये आणि स्वीडनमध्ये काय वेगळं होतं ते बघा, कोर्ट वेगळं, पेपर वेगळे, युनियन सरकारच्या खिशात नाही, लेबरचंच सरकार असताना गोदी कामगार लंडनच्या बंदरात संप करायचे. आपल्याकडेही 1972 मध्ये सरकारनं आयात कागदाचा कोटा लावून पेपरांना दहा पानांच्या वर जाऊ नका म्हटलं, तेव्हा सुप्रीम कोर्टानं ते उडवलं. कागद सरकारच्या हातात होताच, कोर्ट मात्र सरकारच्या हातात नव्हतं.

पण "सरकारच्या हातात" ऐवजी "एकाच्या हातात" असं म्हणाल तर मी लगेच सही करतो. कारण काकांनी नंतर शेअर्स तसेच ठेवून ऊस दुसरीकडे द्यायला सुरुवात केली, तीसेक किलोमीटरवरच्या खाजगी कारखान्याला. तोड वेळेवर येते, हे खरं. मागच्या हंगामातली एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, अजून पूर्ण जमा झालेली नाही, फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. परवा काका हसत म्हणाले, "तिथं माईक तरी बंद करायचे, इथं सभाच नाही."