पुस्तकांचे ऑनलाइन सदस्यत्व घेण्याआधी

पुस्तकांच्या ॲपचे सदस्यत्व घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते, हा प्रश्न जळगाव, शिरपूर, शहादा, चाळीसगाव अशा ठिकाणचे ओळखीचे वाचक हल्ली सारखे विचारतात. विचारणाऱ्यांत शिक्षक आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, केळीबागा सांभाळणारे शेतकरी आहेत आणि मुले शिक्षणासाठी पुण्याला गेल्यामुळे ज्यांना दुपारचा थोडा निवांत वेळ मिळू लागला आहे अशा गृहिणीही आहेत. प्रत्येकाला फोनवर तेच पुन्हा सांगण्यापेक्षा माझे मत एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मराठी वाचणाऱ्याने पहिली वर्गणी आपल्या गावातल्या वाचनालयाला द्यावी, मोबाईलवर एका वेळी एकच सदस्यत्व ठेवावे, आणि ते निवडताना संग्रहात किती लाख पुस्तके आहेत याकडे लक्ष न देता आपल्याला हवी असलेली त्यात किती आहेत आणि वर्गणी थांबवल्यावर आपल्या हाती काय उरते, एवढेच पाहावे, असे मला ठामपणे वाटते.

लाखांचे आकडे मराठी वाचकाच्या फारसे कामाचे नसतात, कारण त्यांतला मोठा भाग इंग्रजी पुस्तकांचा असतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी आपल्याला पुढच्या सहा महिन्यांत खरोखर वाचायची आहेत अशा दहा पुस्तकांची नावे कागदावर लिहावीत आणि ती एकेक करून त्या संग्रहात शोधावीत. बहुतेक ठिकाणी पुस्तकांची यादी पैसे न भरताही पाहता येते. शोधताना नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत असे दोन्ही प्रकारे टाकावे, कारण कित्येक मराठी पुस्तकांची नोंद रोमन लिपीत, तीही मनाला येईल तशा स्पेलिंगने केलेली असते. दहापैकी दोनच सापडली, तर ते सदस्यत्व कितीही स्वस्त असले तरी आपल्यासाठी महागच आहे.

सर्वाधिक विचारणा किंडल अनलिमिटेडविषयी, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या उपकरणावर आणि ॲपवर चालणाऱ्या योजनेविषयी होते, म्हणून त्याच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. अ‍ॅमेझॉनने ही योजना भारतात सप्टेंबर २०१५ मध्ये आणली आणि डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांचे दालन उघडले. ठरावीक मासिक वर्गणी भरली की योजनेतली पुस्तके हवी तितकी वाचता येतात, एका वेळी वीस पुस्तके आपल्याकडे ठेवता येतात आणि एकविसावे हवे असेल तर आधीचे एक परत करावे लागते. वर्गणी थांबली की सगळी पुस्तके परत जातात. बहुतेकांचा गोंधळ होतो तो पुढच्या बाबतीत. किंडलवर विकत मिळणारे प्रत्येक पुस्तक अनलिमिटेडमध्ये असते असे नाही. आपल्या नामवंत मराठी प्रकाशकांची अनेक ई-पुस्तके किंडलवर आहेत, पण ती बहुधा वेगळी किंमत मोजूनच घ्यावी लागतात. याउलट जो लेखक स्वतःच आपले पुस्तक तेथे प्रकाशित करतो, त्याला ते या योजनेत ठेवायचे असेल तर नव्वद दिवसांच्या मुदतीचा करार करावा लागतो आणि त्या मुदतीत त्याची ई-आवृत्ती दुसरीकडे कोठेही देता येत नाही. छापील प्रत मात्र तो कोठेही विकू शकतो. या अटीमुळे अनलिमिटेडच्या मराठी विभागात स्वप्रकाशित लेखन पुष्कळ आहे आणि नावाजलेल्या कादंबऱ्या, आत्मचरित्रे, वैचारिक ग्रंथ तुलनेने कमी आहेत. रहस्यकथा, भयकथा, हलक्याफुलक्या कथामालिका झपाट्याने वाचणाऱ्याला येथे भरपूर खाद्य मिळते, आणि त्या लेखकांत काही जण खरोखर चांगले लिहितात. जो वाचक वर्षाला पाच-सहाच पुस्तके घेतो, पण निवडून घेतो आणि पुन्हा पुन्हा वाचतो, त्याने वर्गणी न भरता तेवढी ई-पुस्तके विकत घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मराठीबरोबर इंग्रजीही सहज वाचणाऱ्यांचा हिशेब अर्थातच वेगळा होतो, त्यांना ही योजना बऱ्याचदा परवडते.

लेखकाला पैसे कसे मिळतात हेही आपण जाणून घ्यायला हवे. २०१५ च्या जुलैपासून या योजनेत वाचकाने प्रत्यक्ष जितकी पाने वाचली त्या हिशेबाने लेखकाला मोबदला दिला जातो. त्यामुळे एखाद्या ओळखीच्या लेखकाचे पुस्तक नुसते घेऊन ठेवले आणि दहा पानांवर सोडले, तर त्याला जवळपास काहीच मिळत नाही. आवडलेल्या लेखकाला खरी मदत करायची असेल तर पुस्तक शेवटपर्यंत वाचावे किंवा सरळ विकत घ्यावे.

ऐकण्याच्या पुस्तकांच्या बाबतीत मात्र माझे मत बरेच अनुकूल आहे. स्टोरीटेल ही मूळची स्वीडनमधली कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली, आणि इंग्रजी-हिंदीच्या बरोबरीने मराठीला तिने सुरुवातीपासून स्थान दिले. मराठी ऐकणाऱ्यासाठी आज एवढा मोठा आणि एवढ्या निगुतीने ध्वनिमुद्रित केलेला संग्रह मला अन्यत्र आढळलेला नाही. रंगभूमीवरच्या कसलेल्या कलावंतांनी वाचलेल्या कादंबऱ्या, चरित्रे, ऐतिहासिक लेखन असे बरेच काही त्यात आहे. वर्गणी चालू असेपर्यंत हवे तितके ऐकता येते, आणि घरच्या वायफायवर पुस्तक उतरवून घेतले की पुढे नेटवर्कची गरज उरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावलकडच्या शिवारांत जेथे फोन लावायलाही बांधावर चढावे लागते, तेथे ही सोय फार मोलाची आहे. आपल्याकडे शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीच येते, आणि पाणी भरायला गेलेल्या माणसाला चार-पाच तास जागेच राहावे लागते. एका वाफ्यातले पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला उठायचे आणि पुन्हा येऊन बसायचे, अशा वेळी हातात पुस्तक धरता येत नाही, पण खिशातल्या मोबाईलवर कादंबरी चालू ठेवता येते. माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने गेल्या रब्बीत अशा रात्रींमध्ये जितके ऐकले, तितके त्याने शाळा सुटल्यापासून वाचले नसेल.

घरातही हाच अनुभव येतो. उन्हाळ्यात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, हंगाम सुरू झाला की आमच्या मोठ्या वहिनी अंगणात खाटेवर धुतलेली साडी अंथरतात, ज्वारीचे गरम पीठ पातेल्यात घेऊन बसतात आणि मोबाईल खिडकीच्या चौकटीत ठेवून कादंबरी लावतात. हात पिठाने भरलेले असल्यामुळे मधेच थांबवणे नको, पुढे ढकलणे नको. शेजारच्या काकू आणि मावशी मदतीला येतात, त्यांनाही कथेची ओढ लागते, आणि एका प्रकरणाच्या शेवटी काय झाले असेल यावर बिबडे थापता थापता चर्चा होते. मोठी कादंबरी बारा-पंधरा तास चालते, म्हणजे चार दिवसांच्या वाळवणाला ती पुरते. अशा घरात ऐकण्याच्या सदस्यत्वाचा पैसा पूर्ण वसूल होतो. वर्षभर ते चालू ठेवण्याची मात्र गरज नाही, ज्या महिन्यांत ऐकणे होते तेवढ्याच महिन्यांची वर्गणी भरावी.

ऐकण्याच्या पुस्तकांची दुसरी सेवा म्हणजे ऑडिबल, पण तिची पद्धत वेगळी आहे. ही सेवा भारतात नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. तिच्या मूळ योजनेत दर महिन्याच्या वर्गणीत एक क्रेडिट मिळते आणि त्यातून कोणतेही एक ध्वनिपुस्तक घेता येते. सदस्यत्व बंद केल्यावरही ते पुस्तक आपल्या खात्यात राहते, हा तिचा मोठा गुण आहे. न वापरलेली क्रेडिट मात्र सदस्यत्वाबरोबर जातात, म्हणून बंद करण्यापूर्वी ती वापरून टाकावीत. मराठी मात्र तेथे फारच थोडे आहे, तेव्हा इंग्रजी ऐकणाऱ्यांनीच तिचा विचार करावा.

पुस्तक 'आपल्याकडे राहते' असे म्हणताना एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ई-पुस्तक विकत घेतले तरी कायद्याच्या भाषेत आपण ते वाचण्याचा परवाना घेतलेला असतो. जुलै २००९ मध्ये हक्कांचा वाद निघाल्यावर अ‍ॅमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेल्या कादंबऱ्या त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या आणि पैसे परत केले, तेव्हा जगभर गदारोळ झाला होता. खरेदी केलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये घालण्याची सोयही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. ज्या पुस्तकावर पेन्सिलीने खुणा करायच्या आहेत, जे मुलांच्या हाती द्यायचे आहे, ते छापीलच घ्यावे. छापील पुस्तकावर जीएसटीही लागत नाही.

प्रतिलिपीसारख्या कथांच्या ॲपवर मराठीत लिहिणारे आणि वाचणारे पुष्कळ आहेत, आणि बरेचसे लेखन विनामूल्य वाचता येते. पुढचे प्रकरण लवकर वाचायला मिळावे म्हणून घेतले जाणारे सदस्यत्व ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवण्यासाठी गुडरीड्स विनामूल्य आहे, लायब्ररीथिंगने २०२० मध्ये सभासदत्वाचे शुल्क काढून टाकले, आणि स्टोरीग्राफची सशुल्क योजना घेतल्याने मराठी वाचकाला काही विशेष मिळते असे मला वाटत नाही. साधी वही पुरते.

पैसे भरण्याआधी जे मुळातच मोफत आहे ते ओळखता आले पाहिजे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत, मराठी विश्वकोश संपूर्ण ऑनलाइन आहे, आणि ई-साहित्य प्रतिष्ठान कित्येक वर्षे विनामूल्य मराठी ई-पुस्तके देत आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी तर आपल्या ग्रंथपालांना एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-ग्रंथ योजनेबद्दल अवश्य विचारावे. महाविद्यालय त्याचे सभासद असेल तर विद्यार्थ्याला स्वतंत्र लॉगिन मिळते आणि हजारो ई-पुस्तके व संशोधनपत्रिका घरबसल्या वाचता येतात. आपल्या भागातल्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊकच नसते, याचे मला फार वाईट वाटते.

मोफत पुस्तकांची एक अडचण मात्र खरी आहे. त्यांतली बरीचशी पीडीएफ स्वरूपात, जुन्या पानांची छायाचित्रे काढून ठेवलेली असतात. मोबाईलवर अक्षर बारीक दिसते, मोठे करावे तर प्रत्येक ओळ वाचताना पान डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते. आमच्या शेजारचे आप्पा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर टॅबवर वाचतात, आणि किंडलच्या ॲपमध्ये अक्षर इतके मोठे करतात की पडद्यावर जेमतेम सात-आठ ओळी मावतात, पण त्या ओळी आपोआप नीट मांडल्या जातात. छापील पुस्तक त्यांच्या हातून सुटलेच होते. त्यांच्यासारख्या वाचकाने ई-पुस्तकांवर केलेला खर्च अगदी सार्थकी लागतो, यात मला तिळमात्र शंका नाही.

वर्गणी आपोआप कापली जाण्याविषयीही सांगितले पाहिजे. पहिला महिना विनामूल्य किंवा नाममात्र दरात देताना कार्डाची किंवा यूपीआय ऑटोपेची परवानगी घेतली जाते, आणि पुढच्या महिन्यापासून पूर्ण रक्कम जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. तो संदेश जाहिरात समजून पुसू नये. मोबाईलमधून ॲप काढून टाकले म्हणजे सदस्यत्व बंद होत नाही, ते खात्यात जाऊन रद्द करावे लागते किंवा यूपीआय ॲपमधला ऑटोपे थांबवावा लागतो.

आता वाचनालयाविषयी. जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ पासूनचे आहे, धुळ्यात गरुड वाचनालय आहे, आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे अनुदान मिळणारी छोटी वाचनालये तालुक्यातालुक्यांत, मोठ्या गावांत चालू आहेत. थोडी अनामत आणि मामुली वर्गणी भरली की जी पुस्तके कोणत्याही ॲपच्या मासिक योजनेत नाहीत, ती तेथे हाती पडतात. चाळीस वर्षांपूर्वी संपलेल्या आवृत्त्या, बांधून ठेवलेली मासिके, दिवाळीनंतर सभासदांत फिरणारे दिवाळी अंक यांना ऑनलाइन पर्याय अजून नाही. शिवाय आपण जे पुस्तक मागतो ते पुढच्या खरेदीत येण्याची शक्यता असते, आणि ते मग गावातल्या आणखी पन्नास जणांना मिळते. ग्रंथपालाकडे लेखी मागणी करायला संकोचू नये.

वर्षाकाठी पुस्तकांसाठी दोन-अडीच हजार रुपये बाजूला काढता येत असतील, तर मी वाचनालयाची वर्षभराची वर्गणी आधी भरीन, ऐकण्याचे सदस्यत्व उन्हाळ्यात आणि रब्बीच्या पाण्याच्या दिवसांत मिळून तीन-चार महिने घेईन आणि उरलेल्या रकमेत छापील पुस्तके घेईन. त्यांतही अहिराणीला पहिला मान देईन. अहिराणीतल्या कविता, कथा, म्हणींचे संग्रह छोट्या प्रकाशनांकडून, पुष्कळदा लेखकाच्या स्वतःच्या खर्चाने निघतात आणि प्रती थोड्याच असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तसे ग्रंथप्रदर्शन रोज भरत नाही, तेव्हा एरवी ही पुस्तके लेखकाला फोन करून, टपालाने किंवा एसटीच्या पार्सलने मागवावी लागतात. पुस्तक ऑनलाइन नसले तर लेखकाला फोन करावा, पैसे यूपीआयने पाठवावेत आणि शक्य असेल तर एक जादा प्रत आपल्या वाचनालयासाठीही मागवावी.