पाप्याचं उटणं

डोळे मिटता येतात, कानात बोळे घालता येतात. नाकाला मात्र देवाने दार दिलेलं नाही. अमेरिकेतल्या मॉलमध्ये हे फार जाणवतं. सौंदर्यप्रसाधनांचं दुकान दिसण्याच्या बरंच आधी ते नाकात शिरलेलं असतं. एरवी मी श्वास रोखून तिथून सटकतो. पण 2017 च्या दिवाळीच्या तोंडावर तशी सोय नव्हती. कन्येला वाढदिवसाला परफ्यूम हवा होता, आणि पाकीट माझ्या खिशात होतं.

कन्या तेव्हा काळ्या रंगात होती. काळे कपडे, काळी नखं, गुडघ्यापर्यंत काळे बूट. न्यू जर्सीत ऑक्टोबर चालू असल्यामुळे शेजाऱ्यांना ती हॅलोविनची हौस वाटायची. माझी आई पुण्याहून आली होती; तिने पहिल्याच दिवशी नातीला न्याहाळून विचारलं, “अगं, संक्रांत अजून लांब आहे ना?”

परफ्यूम साधा चालणार नव्हता. फुलाफुलांचे, गुलाबी रिबिनीचे परफ्यूम ‘सगळ्यांचे’ असतात म्हणे. हिला हवा होता कॅट व्हॉन डीचा. ही बाई कोण, हे मला गाडीत सविस्तर ऐकवण्यात आलं. जन्म मेक्सिकोतला, आईवडील मिशनरी, आणि मुलगी लॉस एंजेलिसची नामांकित टॅटूवाली. 2007 मध्ये तिने चोवीस तासांत 400 टॅटू गोंदून गिनेसमध्ये नाव घातलं, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या नावाची सौंदर्यप्रसाधनं काढली. मी मनातल्या मनात भागाकार केला. एका माणसाला साधारण साडेतीन मिनिटं. आमच्या सोसायटीतला न्हावीसुद्धा एवढी घाई करत नसे.

“माझं गोंदताना मी दोनदा पळाले होते,” मागच्या सीटवरून आई म्हणाली. “तिसऱ्यांदा मामाने धरून ठेवलं.”

परफ्यूमची ही जोडी होती. एक सेंट, म्हणजे संत. दुसरा सिनर, म्हणजे पापी. पूर्वी एकदा बाजारात येऊन गेलेली ही मंडळी 2017 मध्ये पुन्हा अवतरली होती. बाटल्यांचा थाट जुन्या चर्चमधून उचलून आणल्यासारखा. प्रसिद्ध माणसांच्या नावाचे परफ्यूम काही नवे नाहीत. एलिझाबेथ टेलरचा ‘व्हाइट डायमंड्स’ 1991 चा. लेडी गागाने तर 2012 मध्ये चक्क काळ्या रंगाचं अत्तर काढलं होतं. बाटलीत शाईसारखं काळं, फवारलं की पारदर्शक. “म्हणजे डाग पडत नाही?” मी विचारलं. आमच्या घरी कपडे मी धुतो. कन्येने खिडकीबाहेर पाहिलं.

काउंटरवर जांभळ्या केसांचा एक अत्यंत नम्र मुलगा होता. त्याने कागदाच्या पट्ट्यांवर एकेक फवारा मारून त्या माझ्या हातात दिल्या. परफ्यूम लगेच हुंगायचा नसतो, हे मला तिथे कळलं. आधी वरचा थर येतो, तो काही मिनिटांत उडतो, मग मधला, आणि तळाचा यायला तासभर लागू शकतो. म्हणजे दुकानात आवडतो एक, घरी पोचतो दुसरा. (लग्नं जुळवतानाही ही माहिती कोणी देत नाही.) तिसऱ्या-चौथ्या पट्टीनंतर माझ्या नाकाने काम थांबवलं. मुलाने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. ती हुंगल्याने नाक ताजं होतं अशी समजूत आहे. प्रत्यक्षात साधी हवाही तेवढंच काम करते. पण त्या दुकानात साधी हवा कुठून आणायची?

आधी संत आला. कॅरमेल, व्हॅनिला, थोडी जाई. बेकरीची भट्टी नुकतीच उघडावी तसा वास. आमच्याकडचे संत कांदा-मुळा-भाजीत विठाई बघणारे. हे बुवा थेट मिठाईच्या दुकानातून आले होते. साधुत्वाचा आणि साखरेचा संबंध कोणी लावला देव जाणे, पण मधुमेहाच्या माणसाने या संताचं दर्शन लांबूनच घ्यावं.

मग पापी. कन्येचे डोळे लकाकले. “बाबा, हा डार्क आहे. तुला नाही कळणार.”

मला खरंच काही कळलं नाही. नाक संपावर होतं. पट्टी आईकडे गेली. आईने ती हुंगली, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा हुंगली.

“वाळा आहे यात,” ती म्हणाली. “दालचिनी पण. अरे, हे तर आपलं उटणं!”

मी कॉफीच्या वाटीत नाक बुडवून पुन्हा प्रयत्न केला, आणि खरोखरच नरकचतुर्दशीची पहाट आली. अंधारात पेटलेला बंब, अंगाला लावलेलं गार तेल, डोळ्यांत जाणारं ते खरखरीत पीठ. नरकाची भीती जावी म्हणून जे आम्ही अंगाला चोळून न्हाणीत वाहून घालवायचो, त्याच्याच वासाच्या जोरावर इथे पाप करायचं होतं. आणि तेही भरघोस किंमत मोजून.

तळाला पॅचुली नावाची सुगंधी वनस्पती होती. ती तर आमच्याच बाजूची बंडखोर. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जाताना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत पॅचुलीची वाळलेली पानं घालत. तिकडे तो वास इतका भिनला की शाल अस्सल असल्याची खूण तोच ठरला. पुढे तोच हिप्पींनी लावला, मग काळे कपडेवाल्यांनी. आईबापांच्या विरोधात उभं राहायला प्रत्येक पिढीला पणजीची ट्रंक उघडावी लागते, असं एकूण दिसतं. हे मी कन्येला सांगितलं नाही. वाढदिवस होता.

एवढ्यात जांभळ्या केसांच्या मुलाचं लक्ष आईच्या मनगटावरच्या हिरव्या गोंदणाकडे गेलं. तो काउंटर सोडून बाहेर आला, पार वाकला, आणि हे कुठे करून घेतलं असं अदबीने विचारू लागला. “सातारा,” आई म्हणाली. त्याने ते नाव दोनदा घोकलं. बहुधा लॉस एंजेलिसच्या तोडीचं काहीतरी वाटलं असावं. माझी काळी नखवाली मुलगी बाजूला उभी, आणि दुकानात सगळ्यात बंडखोर ठरली कोण, तर नऊवारीवर माझं जुनं जॅकेट घातलेली तिची आजी.

दोन्ही बाटल्या घ्याव्या लागल्या. पापी कन्येला, संत माझ्या बायकोला, कारण एकाच बाईला भेट नेणारा माणूस आमच्या घरात सुखाने जेवत नाही.

पुढे बऱ्याच गोष्टी झाल्या. 2020 च्या सुरुवातीला कॅट व्हॉन डीने आपला ब्रँड विकला आणि त्याचं नाव बदललं. 2023 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. बरेचसे जुने टॅटू तर तिने वरून काळ्या शाईने भरून टाकले. पापीकडून संताकडे जाताना रंग मात्र तिने काळाच ठेवला, हे मला आवडलं. आमची कन्या आता हिशेबतपासनीस आहे, राखाडी सूट घालते, आणि तिच्या ऑफिसात सुगंध लावून यायला बंदी आहे. दोन्ही बाटल्या एका खेपेला आईबरोबर पुण्याला गेल्या.

परवा तिचा फोन आला.

“अरे, तो पापी संपत आलाय. ट्रंकेत शालींवर मारते मी, कसर लागत नाही. येताना एक आणशील? संत नको हं. त्याला मुंग्या लागतात.”