बदकात बसलेला सांगलीकर

लेकीचं घर केंब्रिजला. सांगलीत नुसतं 'केंब्रिज' म्हटलं की लोकांना विलायतच वाटते, म्हणून 'अमेरिकेतलं, बोस्टनला लागून' असं शेपूट जोडावं लागतं. मधे चार्ल्स नदी. थोडक्यात, कृष्णेच्या दोन काठांवरची सांगली आणि सांगलवाडी. फक्त आपल्या आयर्विन पुलावरून मेट्रो जात नाही, त्यांच्या लाँगफेलो पुलावरून जाते.

तर जुलैतल्या एका सकाळी लेकीनं जाहीर केलं, "बाबा, आज पलीकडं जाऊन बदकगाडीत बसायचं. रस्त्यावरून जाते आणि तशीच नदीत उतरते!"

"त्यात काय? आपल्याकडं नदीच रस्त्यावर येते. २०१९ च्या महापुरात गॅलरीतून थेट बोटीत बसलो होतो, तेही फुकट."

यावर तिनं तिकिटाची किंमत सांगायचं टाळलं. मीही विचारली नाही.

गाडी म्हणजे ट्रकचं होडीशी लग्न लावून दिलेलं. मूळची ही लष्करातली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, जनरल मोटर्सनं अशा २१ हजारांवर गाड्या बनवल्या. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जहाजातला माल यांनीच उतरवला. कारखान्याच्या सांकेतिक भाषेत नाव डी-यू-के-डब्ल्यू, त्याचं सैनिकांनी 'डक' केलं. त्या धर्तीच्या गाड्या आता पर्यटक वाहतात.

युद्धापेक्षा भयंकर होता तो चालकाचा नियम. फुटपाथवर माणसं दिसली की सगळ्यांनी 'क्वॅक क्वॅक' ओरडायचं! मी तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. ओरडायचंच झालं तर लोक माझ्यावर ओरडत. आमच्या हिनं मात्र पहिल्याच सिग्नलला असा आवाज काढला की पुढच्या रांगेतलं जोडपं वळून बघायला लागलं. स्टेट हाउसचा, म्हणजे तिथल्या विधानभवनाचा, सोन्याचा वर्ख दिलेला घुमट आला, तेव्हा तर ही 'क्वॅक' आणि 'अहो, काजूकतली आणायची राहिलीच' एका दमात म्हणाली.

मग तो उतार आला. समोर पाणी. चालक आकडे मोजतोय, सगळ्यांचे मोबाइल वर. आणि माझे हातपाय मला न विचारताच कामाला लागले. चपला काढून मांडीवर, पॅन्ट गुडघ्यापर्यंत, पासपोर्टची पिशवी डोक्यावर.

धप्प!

चष्म्यावर चार थेंब उडाले, बस्स. मी डोळे मिटून वाट बघत होतो. पुराच्या पाण्याला रॉकेलचा, शेणाचा, भिजलेल्या गाद्यांचा वास असतो. इथं नुसता सनस्क्रीनचा. डोळे उघडले तर बदक ताशी दहाएक किलोमीटरनं डुलत चाललेलं. गणपती पेठेत संध्याकाळी रिक्षा चालते, तेवढंच.

"बाबा, पिशवी खाली घ्या ना," लेक दातओठ खात कुजबुजली. मी घेतली. चपला मात्र मांडीवरच ठेवल्या. पाण्याचा काय भरवसा?

नदीत पोचल्यावर चालक मुलांना सुकाणू धरू देतो. आमची सहा वर्षांची नात ऐटीत पुढं जाऊन बसली आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गल्लीतला शेजारी.

"कुठं हाय? आयर्विनला २८ फूट झालंय. वर कोयनेतनं सोडलंय म्हणत्यात. तुमच्याकडं काय?"

"मी आत्ता पाण्यातच आहे," म्हटलं. "गाडीत बसून. नात चालवतीय."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग काळजीचा आवाज आला.

"लाइटचा मेन बंद केलाय न्हवं?"